बिशप अझरिया: तीन वर्षांचा पाळक बिशप कसा झाला, आणि पुढच्या बत्तीस वर्षांत त्याने काय उभं केलं

प्रश्न असा आहे: व्ही. एस. अझरिया हे पहिले भारतीय अँग्लिकन बिशप. त्यांच्याकडे पदवी नव्हती, पाळकाची दीक्षा घेऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती, वय होतं अडतीस. मग ते बिशप झाले कसे? आणि एडिंबरोच्या मिशनरी परिषदेतलं ते गाजलेलं भाषण सोडलं तर त्यांनी नेमकं काय केलं?

अझरियांबद्दल जे लिहिलं जातं त्यात निम्मी जागा भाषण घेतं, उरलेली अभिषेकाचा समारंभ. दोन्ही महत्त्वाचे, पण दोन्ही मिळून एका दिवसाचंही काम नव्हे. त्यांची खरी कारकीर्द खेड्यातल्या शिक्षकांच्या नेमणुका, धान्याच्या दानाचे हिशेब, दृढीकरणाचे (बाप्तिस्म्यानंतर बिशपने मस्तकावर हात ठेवून सभासदाला पक्कं करण्याचा विधी) दौरे आणि पाळकांची तयारी यांत आहे. ते नीट कळायचं तर आधी बिशपचं काम काय असतं आणि ब्रिटिश काळात हे पद कायद्याने कुठे अडकलेलं होतं, ते पाहावं लागेल.

अँग्लिकन मंडळीत दीक्षेच्या तीन पायऱ्या आहेत: डीकन, पाळक म्हणजे प्रीस्ट, आणि बिशप. जुन्या प्रार्थनापुस्तकाप्रमाणे डीकन व्हायला तेवीस, पाळकाला चोवीस आणि बिशपला तीस वर्षं पूर्ण लागतात. पाळक बाप्तिस्मा देतो, प्रभुभोजन चालवतो, लग्नं लावतो, प्रेताला माती देतो. पण दुसऱ्याला दीक्षा देणं, बाप्तिस्मा झालेल्यांचं दृढीकरण करणं आणि नव्या चर्चचा अभिषेक करणं ही तीन कामं बिशपशिवाय होत नाहीत. शिवाय त्याच्या हद्दीत कोणी सेवा करायची, हे त्याच्या परवान्यावर ठरतं. म्हणजे एखाद्या मुलखात बिशप वर्षानुवर्षं फिरकला नाही, तर बाप्तिस्मे होत राहतात, पण प्रभुभोजन घेणारे सभासद वाढत नाहीत आणि नवे पाळकही तयार होत नाहीत. गाडं इथेच अडतं. बिशप कामाचा होता की नुसता शोभेचा, हे ओळखायचं असेल तर त्याने किती जणांना दीक्षा दिली, कुणाला दिली, आणि दृढीकरणासाठी तो किती आडगावांत गेला हे आधी बघावं. प्रवचनं नंतर.

बिशप करण्याचा विधीही एकट्याने होत नाही. चौथ्या शतकापासून चालत आलेला दंडक असा की किमान तीन बिशपांनी नव्याच्या मस्तकावर हात ठेवायचे. त्याआधी त्याने मेट्रोपॉलिटनच्या, म्हणजे प्रांतातल्या ज्येष्ठ बिशपच्या, आज्ञेत राहण्याची शपथ घ्यायची. हिंदुस्थानात हा मान कलकत्त्याच्या बिशपकडे होता.

आता कायद्याचा गुंता. १८१३ च्या चार्टर ॲक्टने कलकत्त्याला बिशपची गादी मंजूर केली, १८१४ मध्ये टॉमस मिडलटन आले. १८३३ च्या ॲक्टनंतर मद्रासला १८३५ मध्ये आणि मुंबईला १८३७ मध्ये स्वतंत्र बिशप मिळाला. मुंबईचे पहिले बिशप टॉमस कार, आणि फोर्टातलं सेंट टॉमस हे त्यांचं कॅथेड्रल. या तिन्ही गाद्या राजाच्या सनदेवर चालायच्या आणि बिशपचा पगार सरकारी तिजोरीतून यायचा. बिशप सरकारी अधिकाऱ्यांच्या उतरंडीत बसलेला, त्यामुळे त्याची नेमणूक लंडनच्या मर्जीवर. या वाटेने भारतीय माणूस वर जाणं त्या काळी जवळजवळ अशक्यच होतं. मात्र एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी दुसरी वाट निघाली होती. छोटा नागपूरची गादी १८९० मध्ये राजाच्या सनदेशिवाय, बिशप आणि मंडळी यांच्या आपसातल्या करारावर उभी राहिली. तिथे सरकारी पगार नाही म्हणून सरकारी हुकूमही नाही. अझरियांसाठी जी वाट वापरली गेली ती हीच. विरोधकांना ती पुरती बंद करता आली नाही याचंही कारण हेच.

माणूस मुळात कोण होता? वेदनायगम सॅम्युएल अझरिया यांचा जन्म १७ ऑगस्ट १८७४ रोजी तिरुनेलवेली भागातल्या वेळ्ळाळनविळै या खेड्यातला. वडील टॉमस वेदनायगम गावचे अँग्लिकन पाळक. घराणं नाडार समाजातलं. त्या समाजाला वरच्या जाती शिवून घेत नसत, तरी मिशनच्या शाळांतून त्याची एक पिढी शिकून पुढे आली होती. लग्नानंतर बरीच वर्षं मूल नव्हतं, नवसासारखं मागून झालेला मुलगा, म्हणून बायबलमधल्या हन्नाच्या मुलाचं नाव सॅम्युएल. वडील लवकर वारले, शिक्षण आईच्या जिवावर झालं. पुढे मद्रास ख्रिश्चन कॉलेजात गणित घेतलं, पण बी. ए. पदरात पडलं नाही. हा पदवीचा मुद्दा पुढे त्यांच्याविरुद्ध वापरला गेला.

१८९५ ते १९०९ ही चौदा वर्षं ते वाय. एम. सी. ए. या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेचे सेक्रेटरी होते. चरित्रकार हा काळ दोन ओळींत उरकतात, आणि माझ्या मते चूक इथेच होते, कारण बिशपकीचं शिक्षण त्यांना इथेच मिळालं. शाखा उघडणं, वर्गणी गोळा करणं, कमिटी चालवणं, महिन्याचा ताळेबंद लावणं, तरुण कार्यकर्ते निवडणं, दक्षिणभर तिसऱ्या वर्गाने फिरणं. चर्चच्या चौकटीबाहेर असल्याने मेथडिस्ट, काँग्रिगेशनल, लुथरन अशा सगळ्यांशी रोजचा संबंध. पाळक म्हणून तीन वर्षं हे म्हणूनच अर्धं सत्य आहे. संघटक म्हणून त्यांच्यामागे चौदा वर्षं होती.

या काळातली दोन कामं लक्षात ठेवण्यासारखी. १९०२ मध्ये ते श्रीलंकेतल्या जाफन्याला गेले. तिथले तमिळ ख्रिस्ती आपल्या पैशांनी बाहेर मिशनरी पाठवत होते. तिरुनेलवेलीची मंडळी संख्येने मोठी आणि जुनी, पण आपला एकही माणूस परमुलखात पाठवलेला नाही, हे त्यांना खटकलं. परत येऊन १२ फेब्रुवारी १९०३ रोजी त्यांनी तिरुनेलवेलीची इंडियन मिशनरी सोसायटी काढली. पुढल्याच वर्षी तिचा पहिला मिशनरी निजामाच्या राज्यातल्या तेलुगू मुलखात गेला. दुसरं काम नॅशनल मिशनरी सोसायटीचं, २५ डिसेंबर १९०५ रोजी सेरामपूरला, विल्यम कॅरीच्या ग्रंथालयात. तिचं सूत्र तीन कलमांचं: माणसं भारतीय, पैसा भारतीय, कारभार भारतीय. विलायतेहून एक पै घ्यायची नाही. ऐकायला सोपं, पण ज्या मंडळीची दोन-तीन पिढ्यांची सवय घेण्याची होती तिला देण्याची सवय लावायची, म्हणजे नाकी नऊ येणार. डोर्नकलमध्ये अझरियांनी पुढे जो पैशांचा आग्रह धरला त्याचं मूळ इथे आहे.

१८९८ मध्ये त्यांचं लग्न अंबू मरियम्माळ सॅम्युएल यांच्याशी झालं. दक्षिणेत कॉलेजपर्यंत शिकलेल्या पहिल्या ख्रिस्ती स्त्रियांत त्यांची गणना होते. पुढे डायोसिसमधलं, म्हणजे बिशपच्या धर्मप्रांतातलं, स्त्रियांचं काम, मदर्स युनियन, त्यांनीच उभं केलं. खेड्यातल्या कुटुंबात बाई तयार झाल्याशिवाय बाप्तिस्मा टिकत नाही, तेव्हा हे काम दुय्यम समजू नये.

१९०९ मध्ये, पस्तिशीला टेकल्यावर, अझरियांनी दीक्षा घेतली आणि वाय. एम. सी. ए. चा बरा पगार सोडून ते आपल्याच सोसायटीचे मिशनरी म्हणून डोर्नकलला गेले. मातृभाषा तमिळ, मुलूख तेलुगू. भाषा मुळापासून शिकावी लागली. लोकांच्या दृष्टीने ते परकेच होते. गोरे नव्हते इतकंच.

इथे मद्रासचे बिशप हेन्री व्हाइटहेड येतात. तत्त्वज्ञ ए. एन. व्हाइटहेड यांचे हे भाऊ. मद्रासचा धर्मप्रांत अवाढव्य, तेलुगू खेड्यांत दलित जातींतून झुंडीने लोक येताहेत, आणि दृढीकरणाला एकच बिशप. मदतनीस बिशप हवा होताच. तो भारतीय असावा हा व्हाइटहेड यांचा आग्रह. तिरुनेलवेलीत १८७७ मध्ये कॉल्डवेल आणि सार्जंट यांना मदतनीस बिशप केल्याचा दाखला होता, पण नुसतं मदतनीस ठेवलं तर भारतीय माणूस कायम दुय्यम राहील, हे त्यांना दिसत होतं. म्हणून जोडकाम निघालं: निजामाच्या राज्याच्या आग्नेय कोपऱ्यातला लहानसा तुकडा काढून डोर्नकल हा स्वतंत्र धर्मप्रांत करायचा, तिथे अझरिया पूर्ण अधिकाराचे बिशप, आणि शिवाय मद्रासच्या तेलुगू भागासाठी मदतनीस बिशप. मुलूख लहान असल्याने घाबरणाऱ्यांची समजूत घालता आली, आणि तो ब्रिटिश हद्दीबाहेरचा असल्याने सनदेचा प्रश्नही सौम्य झाला. ही चतुराई व्हाइटहेड यांची.

विरोध दोन्हीकडून आला. काही मिशनऱ्यांना भारतीय बिशपच्या हाताखाली गोऱ्यांनी काम करणं पचत नव्हतं. उघड कारणं मात्र अनुभव कमी, पदवी नाही, अशी दिली गेली. दुसरा विरोध भारतीय ख्रिस्ती लोकांचाच, वरच्या जातींतून आलेल्यांचा. नाडाराचा मुलगा आपला बिशप कसा? बाप्तिस्म्याने जात पुसली जात नाही, हे चर्चच्या कागदपत्रांत इतकं स्वच्छ फार क्वचित सापडतं. तरीही २९ डिसेंबर १९१२ रोजी कलकत्त्याच्या सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये मेट्रोपॉलिटन रेजिनाल्ड कोपलस्टन यांच्या हस्ते अभिषेक झाला. १९४५ मध्ये मृत्यू येईपर्यंत स्वतंत्र धर्मप्रांत सांभाळणारे ते एकमेव भारतीय अँग्लिकन बिशप राहिले. पुढे इतर ठिकाणी भारतीयांना मदतनीस बिशप केलं, पण गादी दिली नाही. म्हणजे दरवाजा उघडला, आणि बत्तीस वर्षं त्यातून दुसरा कोणी आत घेतला नाही. हे समारंभाच्या वर्णनांत येत नाही.

एडिंबरोचं भाषण अभिषेकाच्या आधीचं, जून १९१० चं. जागतिक मिशनरी परिषदेला सुमारे बाराशे प्रतिनिधी, त्यांत आशियाई विसाच्या आत. विषय होता परदेशी आणि देशी कार्यकर्त्यांमधलं सहकार्य. अझरियांनी तक्रार अगदी रोजच्या गोष्टींची केली: मिशनरी भारतीय सहकाऱ्याला जेवायला बोलावत नाही, हस्तांदोलन करत नाही, पैशांची सूत्रं आपल्या हातात ठेवतो आणि मग मैत्रीची अपेक्षा धरतो. शेवटी पौलाच्या पत्रातलं प्रीतीचं वचन फिरवून ते म्हणाले की तुम्ही गरिबांना मालमत्ता वाटलीत, शरीरं जाळायला दिलीत, आता आम्हाला मित्र द्या. सभागृहात खळबळ उडाली. या भाषणावरून त्यांना मिशनरीविरोधी बंडखोर ठरवतात ते मात्र चूक. उपासनेत ते पक्के प्रार्थनापुस्तकवाले होते, शिस्तीला कडक, आणि बिशपपदाचा मान त्यांना पुरेपूर कळत होता.

आता डोर्नकल. हे तीर्थ नाही, राजधानी नाही, रेल्वेचं जंक्शन आहे. मद्रास, बेझवाडा, सिकंदराबाद या दिशांना जाणाऱ्या गाड्या इथून, म्हणून दौऱ्यांना सोयीचं. पण स्टेशन सोडलं की बैलगाडी, नाहीतर पायपीट. लोक मुख्यतः माला आणि मादिगा. आपल्याकडचा महार-मांग भेद ज्याला ठाऊक आहे त्याला हे वेगळं समजवायला नको: दोघेही गावकुसाबाहेरचे, पण एकमेकांच्या विहिरीवर जाणार नाहीत, एकाच पंगतीला बसणार नाहीत. एका गावात माला ख्रिस्ती झाले की मादिगा मागे सरत, किंवा उलट. मिशनरी पुष्कळदा सोय म्हणून दोघांच्या वेगळ्या प्रार्थनासभा चालू देत. अझरियांनी हे चालू दिलं नाही. दीक्षा आणि नेमणूक बिशपच्या हातात असल्याने ही सक्ती त्यांना करता आली. प्रभुभोजनाचा प्याला एकच.

खेड्यातलं काम कसं चालायचं ते जरा जवळून बघू, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. सुरुवात एका माणसाने होत नसे. वस्ती, निदान दहा-वीस घरं, मिळून यायची. त्यांच्याकडे आधी शिक्षक पाठवायचा. तो पाळक नव्हे. थोडंफार शिकलेला, बहुतेकदा त्याच जातींतला, बायकोसह वस्तीत राहणारा. दिवसा पोरांना अक्षरओळख, रात्री कंदिलाच्या उजेडात दिवसभर राबून आलेल्या मोठ्यांना प्रभूची प्रार्थना, विश्वासांगीकार (श्रद्धेचं ठरलेलं निवेदन), दहा आज्ञा. वाचता न येणाऱ्यांना हे पाठ करवायचं तर गाणं लागतं, म्हणून तेलुगू चालींवर पदं. मृत जनावराचं मांस, दारू, मूर्तीपुढचे नवस हे सोडलं का, याची पाहणी. मग पाळक येऊन परीक्षा घेणार, मग बाप्तिस्मा. त्यानंतर आणखी तयारी, आणि बिशप दौऱ्यावर आला की दृढीकरण.

दृढीकरण घाऊक होत नाही. प्रत्येक मस्तकावर हात ठेवून प्रत्येकासाठी प्रार्थना म्हणावी लागते. एका ठिकाणी शंभर उमेदवार असले की नुसत्या त्या भागालाच तासभर जातो. अझरियांनी या विधीला एक जोड दिली होती. ते उमेदवारांना आपलाच हात आपल्या डोक्यावर ठेवायला सांगत आणि आपल्यामागून म्हणवून घेत: माझा बाप्तिस्मा झाला आहे, मी शुभवर्तमान सांगितलं नाही तर मला धिक्कार असो. शेवटचं वाक्य पौलाचं. अक्षरशत्रू शेतमजुराला प्रचारक करण्याची ही युक्ती होती, आणि ती चालली. त्याला जोडून दरवर्षी साक्षीचा सप्ताह असे. त्या आठवड्यात पगारी माणसांनी नाही, सामान्य सभासदांनी शेजारच्या गावांत जायचं. विसाच्या-तिसाच्या दशकांत शूद्र मानलेल्या शेतकरी जातींतूनही लोक येऊ लागले, त्यामागे कारण हेच सांगितलं जातं की ज्यांना आपण माणसांत धरत नव्हतो त्यांचं राहणं बदललेलं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. घाण, रोगराई, कर्ज आणि दारू ही अझरियांच्या बोलण्यात येणारी चार भुतं. इंग्रजीत चारही शब्द एकाच अक्षराने सुरू होतात, म्हणून ती लोकांच्या ध्यानात राहिली.

बिघाड कुठे होतो? बहुतेक वेळा मधल्या टप्प्यात. बाप्तिस्मा उरकला, आणि शिक्षक मेला, पळाला किंवा पैशांअभावी काढावा लागला, की दोन वर्षांत वस्ती मूळ पदावर येते. नावं रजिस्टरमध्ये राहतात आणि आकडा फुगलेला दिसतो. म्हणून अझरिया बाप्तिस्म्यांच्या संख्येपेक्षा शिक्षकांच्या संख्येकडे डोळा ठेवत. तिसाच्या दशकाच्या मध्यावर डायोसिसमध्ये सुमारे २५० भारतीय पाळक आणि दोन हजारांवर खेड्यांतले शिक्षक होते. बाप्तिस्मा झालेल्यांची संख्या दोन लाखांच्या वर गेलेली. भागाकार करून बघा: एका शिक्षकामागे शंभर माणसं, म्हणजे एक वस्ती. एका पाळकामागे आठ शिक्षक आणि आठशे माणसं. हे प्रमाण सांभाळता येतं. पाळकामागे चार-पाच हजार माणसं असलेल्या प्रांतांत काय होई, ते वेगळं सांगायला नको.

एवढे पाळक मिळाले कुठून? इंग्रजी पदवीची अट सोडली म्हणून. चांगलं काम केलेल्या शिक्षकांतून निवड करायची, डोर्नकलच्या धर्मशिक्षण शाळेत तेलुगूतून, बायकांसकट शिकवायचं, आणि मग दीक्षा. यावर टीका झाली की अर्धशिक्षित पाळक तयार होताहेत. टीकेत तथ्य होतं. शहरी, इंग्रजी शिकलेल्या ख्रिस्ती माणसाला असा पाळक पुरणारा नव्हता. पण डोर्नकलला शहर नव्हतंच. पदवीधर पाळक आणला असता तर एक तर तो वस्तीत राहिला नसता, दुसरं म्हणजे त्याचा पगार वस्तीला झेपला नसता. अझरियांचा सगळ्यात मोठा निर्णय मी हाच मानतो, आणि स्वतः पदवी नसलेल्या माणसाने तो घेतला हेही विसरता येत नाही.

पैसा हा बारमाही प्रश्न. ज्यांचं हातावर पोट, त्यांच्याकडून रोख वर्गणी येणार नाही. म्हणून दान वस्तूंचं. स्वयंपाकाला तांदूळ किंवा ज्वारी घेताना बाईने एक मूठ वेगळ्या मडक्यात टाकायची, आठवड्याने ते मडकं प्रार्थनेला आणायचं. सुगीच्या सणाला धान्य, कोंबड्या, अंडी, भाजीपाला वेदीपुढे मांडायचा आणि नंतर लिलाव करून रोकड करायची. ही पद्धत दक्षिणेत इतरत्रही होती, पण अझरियांनी दान हा धर्मशिक्षणाचाच भाग केला. ख्रिस्ती दानावर त्यांनी पुस्तकही लिहिलं. गरिबाला देऊ दिलं नाही तर तो कायम भिकारी राहतो, हा त्यांचा रोख. अडचण अशी की मूठभर धान्याने शिक्षकाचा काही भाग निघतो, पाळकाचा पगार निघत नाही. उरलेलं लंडनच्या सोसायट्यांच्या अनुदानावर, आणि ती अनुदानं दोन महायुद्धांच्या मधल्या काळात आटत गेली. स्वावलंबन शंभर टक्के कधीच झालं नाही.

१९२० मध्ये डायोसिस एकदम मोठी झाली. चर्च मिशनरी सोसायटी आणि एस. पी. जी. (सोसायटी फॉर द प्रॉपगेशन ऑफ द गॉस्पेल) या दोन्ही इंग्लिश सोसायट्यांचे तेलुगू जिल्हे तिला जोडले गेले. याच वर्षी केंब्रिजने अझरियांना सन्मान्य डॉक्टरेट दिली. आता अनेक युरोपियन मिशनरी त्यांच्या परवान्याखाली आले, म्हणजे १९१२ मध्ये जी भीती होती तीच वस्तुस्थिती झाली, आणि आभाळ कोसळलं नाही. खरी ओढाताण रंगाची नव्हती, दोन सोसायट्यांची होती. पहिली साधी उपासना पसंत करणारी, प्रवचनावर भर देणारी. दुसरी विधी, वेदी, बिशपची परंपरा यांना जपणारी. कृष्णा काठची मंडळी पहिलीच्या हाताखाली वाढलेली, नंद्याल-कडप्पा भागातली दुसरीच्या. एका बिशपखाली आली, पण चाली वेगळ्याच राहिल्या. याची किंमत पुढे चुकवावी लागली.

डोर्नकलचं एपिफनी कॅथेड्रल वर्षानुवर्षं थोडं थोडं चढत गेलं, कारण शिक्षकांचे पगार तोडून भिंती बांधायच्या नाहीत असा हिशेब. अभिषेक ६ जानेवारी १९३९ ला. घुमट मशिदीच्या धाटणीचे, आतले खांब दक्षिणी देवळासारखे, कोरीवकामात कमळ. बाहेर जत्रा भरायची, गाड्या जुंपून लोक यायचे. आत मात्र प्रार्थनापुस्तकातली उपासना जशीच्या तशी, तेलुगूत. एकाच माणसाने दोन्ही कसं केलं, असा प्रश्न विद्वानांना पडतो. खेडूत ख्रिस्ती माणसाला तो पडल्याचं दिसत नाही. त्याला जत्राही हवी होती आणि ठरलेली, पाठ झालेली उपासनाही.

राजकारणात अझरिया दोन्ही बाजूंना गैरसोयीचे ठरले. १९३२ च्या जातीय निवाड्याने भारतीय ख्रिस्ती लोकांना स्वतंत्र मतदारसंघ दिले, तेव्हा त्यांनी विरोध केला. तर्क साधा होता: धर्मांतर म्हणजे एका मतदारयादीतून दुसरीत जाणं झालं, तर प्रत्येक बाप्तिस्म्याकडे मतांची चोरी म्हणून पाहिलं जाईल. तरीही १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला डॉ. आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केल्यावर सगळ्याच धर्मांच्या प्रचारकांवर संशयाची नजर वळली. गांधीजींचा आक्षेप असा की दलित खेडुतांना धर्मातला फरक कळत नाही, त्यांचं धर्मांतर म्हणजे अज्ञानाचा फायदा. अझरियांना हे मुळातच मान्य नव्हतं. खेडुताला कळतं, आणि काय कळलं ते त्याच्या वागण्यात दिसतं, हे त्यांचं उत्तर. आंबेडकरांशी त्यांची गाठ पडली तेव्हा त्यांना जो प्रश्न ऐकावा लागला तो त्यांनी पुढे अनेकदा सांगितला: आमचे लोक आज देशभर एक आहेत, तुमच्याकडे आले तर कुठल्या चर्चमध्ये जाणार, आणि एक राहतील का? यावर त्यांच्यापाशी चांगलं उत्तर नव्हतं.

असलं तर ते त्यांच्या दुसऱ्या आयुष्यभराच्या कामात होतं, मंडळींच्या ऐक्यात. १ आणि २ मे १९१९ ला तरंगमबाडीला, जिथे १७०६ मध्ये पहिले प्रोटेस्टंट मिशनरी उतरले होते, तेहेतीस जण जमले. दोन सोडले तर सगळे भारतीय, अध्यक्ष अझरिया. ऐक्याचे चार पाये ठरले: बायबल, दोन विश्वासांगीकार, दोन संस्कार, आणि परंपरेने आलेलं पण स्थानिक गरजेनुसार चालणारं बिशपपद. पहिल्या तिहींवर वाद नव्हता. चौथ्याने अठ्ठावीस वर्षं घेतली. ज्यांना बिशपने दीक्षा दिलेली नाही असे काँग्रिगेशनल, प्रेसबिटेरियन, मेथडिस्ट पाळक नव्या मंडळीत खरे पाळक धरायचे की नाही? पुन्हा दीक्षा म्हटलं तर त्यांचा अपमान, न म्हटलं तर अँग्लिकनांचा जीव वरखाली. तोडगा निघाला तो असा: आहेत ते सगळे जसेच्या तसे मान्य, इथून पुढची प्रत्येक दीक्षा बिशपच्या हातून, तीस वर्षांचा संक्रमणकाळ, आणि कुठल्याही मंडळीवर तिच्या मनाविरुद्ध पाळक लादायचा नाही. १९२७ मध्ये लोझानच्या परिषदेत अझरियांनी युरोपियनांना ठणकावलं होतं की तुमच्याकडे फाटाफूट म्हणजे अशक्तपणा असेल, आमच्याकडे ती पाप आणि लाज आहे.

१ जानेवारी १९४५ ला डोर्नकललाच ते गेले. चर्च ऑफ साउथ इंडिया २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रासच्या सेंट जॉर्ज कॅथेड्रलमध्ये स्थापन झाली आणि डोर्नकल तिच्यात गेली. आपल्याकडच्या मुंबई आणि नाशिकच्या अँग्लिकन मंडळींना थांबावं लागलं. उत्तरेचं ऐक्य नागपुरात २९ नोव्हेंबर १९७० ला झालं. आज मराठी ख्रिस्ती कुटुंबांत जे सी. एन. आय., म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणतात ते तेच.

आणि नंद्याल? एस. पी. जी. च्या वळणात वाढलेली तिथली मंडळी १९४७ मध्ये आत यायला तयार झाली नाही. ज्या बिशपने ऐक्याची पहिली सभा भरवली, त्याच्याच डायोसिसचा हा तुकडा बाहेर राहिला. ती मंडळी चर्च ऑफ साउथ इंडियात आली ती १९७५ मध्ये.